मुंग्या पायांत, संशय गोळीवर

पाच जून २०२४ रोजी अकिरा एंडो गेले. वय नव्वद. आज जगभर कोट्यवधी लोक रात्री झोपताना जी कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, त्या स्टॅटिन कुळातला पहिला रेणू या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली एका बुरशीतून वेगळा केला होता. त्यांच्या मृत्यूच्या बातमीला महिना होतो न होतो तोच, चार जुलैला, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने कोलेस्टेरॉलबद्दलच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. या सोसायटीने खास भारतीयांसाठी अशा सूचना पहिल्यांदाच काढल्या. त्यांतले आकडे कडक आहेत. निरोगी माणसाचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याचं ७० च्या खाली आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्याचं ५५ च्या खाली असावं, असं त्या सांगतात. म्हणजे येत्या काही वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांची संख्या वाढणार आणि अनेकांची मात्राही वाढणार.

अशा वेळी जो प्रश्न घरोघरी विचारला जातो, त्याचं नीट उत्तर कुणीतरी द्यायला हवं. ‘तळपाय बधिर झालेत, रात्री पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही. ही कोलेस्टेरॉलची गोळी नसांवर बसते म्हणतात, खरं का?’ असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा गोळी बंद करूनच विचारत असतो. डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. आपल्याकडे औषधाची पट्टी कापून दहा गोळ्या मिळतात, सोबतचं माहितीपत्रक दुकानातच राहतं आणि माहिती येते ती मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओतून.

माझं मत आधीच सांगतो. तक्रार खरी असते. तिला ‘वयोमानाप्रमाणे होतंच’ म्हणून वाटेला लावणं चूक आहे आणि तिचं खापर तपासाविना स्टॅटिनवर फोडणं ही त्याहून महागात पडणारी चूक आहे.

स्टॅटिनचा त्रास होतो हे नाकारायचं कारणच नाही, कारण तो पहिल्या रुग्णापासून दिसलेला आहे. एंडोंच्या औषधाची ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सँक्यो कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी सहा हजारांवर बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा कुठे क्योटोतल्या तांदळाच्या एका नमुन्यावरच्या पेनिसिलियम बुरशीत त्यांना हवा तो रेणू मिळाला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या कामातलं एक कळीचं विकर हा रेणू अडवत होता. उंदरांवर मात्र तो चालेना. कंपनी प्रकल्प गुंडाळण्याच्या बेतात होती. मग एंडोंनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल निम्म्याच्या आसपास उतरलं. पुढे १९७८ मध्ये ओसाकातले डॉ. अकिरा यामामोतो यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिलं. रुग्ण होती अठरा वर्षांची मुलगी. जन्मजात दोषामुळे तिचं कोलेस्टेरॉल भयानक वाढलेलं होतं आणि तिच्यासाठी दुसरा इलाज नव्हता. कोलेस्टेरॉल उतरलं, पण लवकरच तिच्या स्नायूंतली ताकद गेली. यामामोतोंनी औषध थांबवलं, त्रास ओसरू दिला आणि मग कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. त्यानंतर इतर रुग्णांना त्यांनी कमीच मात्रा दिली, आणि औषध लागू पडलं. थांबवणं, वाट पाहणं, बेताने पुन्हा देणं. १९७८ मध्ये एका डॉक्टरने विचार करून घेतलेली ही पावलं आजही स्टॅटिनचा त्रास सांगणाऱ्या रुग्णासाठी सगळ्यात शहाणी आहेत.

पण त्या मुलीचा त्रास स्नायूंचा होता, नसांचा नव्हता. इथेच बहुतेकांची गल्लत होते. स्टॅटिनमुळे होणारं स्नायूंचं दुखणं मांड्या, कंबर, पोटऱ्या, खांदे असं मोठ्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना, गोळी सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून काही आठवड्यांत जाणवतं. जिना चढताना, जमिनीवरून उठताना कळतं. गोळी थांबवली की साधारण काही दिवसांत ते उतरू लागतं. नसांचा आजार असा नसतो. तो पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि आपण मोजे घालतो तेवढ्या भागात हळूहळू वर चढतो. जळजळ, टोचणं, कापसावर चालल्यासारखं वाटणं, गरम-गार न समजणं ही त्याची लक्षणं. तो महिनोन्‌महिने मुरलेला असतो आणि बरा व्हायलाही महिने लागतात. ‘गोळी बंद केली आणि चार दिवसांत मुंग्या गेल्या’ असं कुणी सांगतं तेव्हा त्याला आराम पडला याचा आनंदच आहे, पण नस इतक्या झटपट सुधारत नाही.

मग नसांवरचा संशय आला कुठून? नव्वदच्या दशकात लोव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या नसा बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. एकेक, दोन-दोन रुग्ण. त्याला जोर आला २००२ साली डेन्मार्कमधून. डेव्हिड गाइस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युन भागातले असे १६६ रुग्ण निवडले ज्यांच्या नसांच्या आजाराचं ठरावीक कारण सापडत नव्हतं, आणि स्टॅटिन कोण घेत होतं हे औषधांच्या सरकारी नोंदींतून तपासलं. डेन्मार्कमध्ये ही सोय आहे. प्रत्येकाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधाची नोंद राहते. निष्कर्ष असा निघाला की स्टॅटिन घेणाऱ्यांत अशा आजाराची शक्यता जवळजवळ चौपट दिसते. ज्यांचं निदान अगदी खात्रीचं होतं त्यांच्यात तर १४ पट.

चौदा पट! हा आकडा जगभर गेला आणि आजही फिरतो आहे. त्याच्यामागचे दोन तपशील मात्र सोबत फिरत नाहीत. पहिला, खात्रीच्या निदानाचे रुग्ण होते फक्त ३५. एवढ्या थोड्या माणसांत दोघे-तिघे इकडचे तिकडे झाले तरी पटीचा हिशेब हलतो. दुसरा, मुळात कारण न सापडणारा नसांचा आजारच इतका विरळ की पट मोठी असूनही प्रत्यक्ष धोका लहान राहतो. संशोधकांनीच लिहिलं होतं की पन्नाशीपुढच्या २,२०० जणांनी वर्षभर स्टॅटिन घेतलं तर एखादा जादा रुग्ण निघेल. त्यांनी भीती पसरवली नव्हती. भीती पसरली ती आकडा अर्धा उचलल्यामुळे.

पुढचा भाग मला विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना वाटतो. पंधरा वर्षांनी याच गटाने, गाइस्ट यांच्यासह, तोच प्रश्न त्याच भागात पुन्हा तपासला. या वेळी काळ मोठा घेतला, १९९९ ते २०१३. रुग्णही जास्त, ३७०, आणि प्रत्येकाच्या निदानाची खातरजमा केलेली. आता स्टॅटिन घेणारेही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होते, म्हणजे संबंध असलाच तर तो ठळक दिसायला हवा होता. तो दिसला नाही. धोक्याचा आकडा १.१४ आला, म्हणजे स्टॅटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात योगायोगापलीकडे काही फरक नव्हता. बरीच वर्षं घेणाऱ्यांतही नाही. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारा हा निबंध त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिला जितका गाजला त्याच्या शतांशही हा गाजला नाही. मोबाइलवर स्टॅटिनविरोधी मजकूर पाठवणाऱ्यांनी निदान दोन्ही एकत्र पाठवावेत.

डेन्मार्कचाच आणखी एक अभ्यास २०१४ चा. मधुमेहाचं निदान होण्याआधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा, पुढे मधुमेहामुळे नसा बिघडण्याचं प्रमाण स्टॅटिन घेणाऱ्यांत सुमारे एक तृतीयांश कमी निघालं. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या मधुमेह अभ्यासातही त्याच दिशेचा निष्कर्ष आहे. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, त्यावरून ‘स्टॅटिन नसांचं रक्षण करतं’ असं मी म्हणणार नाही. पण गोळी नसा मारते या समजुतीला त्यांच्यात आधार सापडत नाही, एवढं नक्की.

अपेक्षेचा परिणाम किती असतो हेही पाहायला हवं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ६० अशा माणसांवर प्रयोग केला ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं; त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. कोणता महिना कोणता, हे गोळ्यांपुरतं कुणालाच माहीत नव्हतं. रोजचा त्रास शून्य ते शंभरात नोंदवायचा होता. गोळीच नसलेल्या महिन्यांत सरासरी आली ८, खोट्या गोळीत १५.४ आणि खऱ्या स्टॅटिनमध्ये १६.३. त्रास खरा होता, अंगाला जाणवत होता, पण त्याचा दहातला नऊ वाटा गोळी घेण्यामुळे होता, गोळीतल्या औषधामुळे नव्हता. आपापले आकडे दाखवल्यावर साठांपैकी तीस जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं कुणी त्यांना म्हणालं असतं तर एकानेही सुरू केलं नसतं. त्यांना त्यांचीच नोंद दाखवली गेली, हे महत्त्वाचं.

आता आपल्या मातीतलं कारण, ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त जागा द्यायची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व मोजलं आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. यांतले काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. तीनांतले दोघे! आणि सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती, खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांची. बी-१२ आपल्याला मिळतं ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून, म्हणजे मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं यांतून. चहापुरतं दूध आणि जेवताना वाटीभर ताक एवढ्यावर ते भागत नाही. ते कमी पडलं की नसांवरचं आवरण झिजतं आणि लक्षणं काय दिसतात? पायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसराळूपणा. स्टॅटिनवर ज्यांचा आळ येतो तीच, ओळीने.

यात भर मधुमेहाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि मधुमेह हे नसा बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. त्यांतल्या बहुतेकांची पहिली गोळी मेटफॉर्मिन. हे चांगलं, स्वस्त, विश्वासाचं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर ते बी-१२ कमी करतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचं स्पष्ट सांगितलं आणि धोका असलेल्यांचं बी-१२ वेळोवेळी तपासण्याचा सल्ला दिला. आता डोळ्यांपुढे आणा, साठीतला शाकाहारी गृहस्थ, दहा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, आणि गेल्या दिवाळीपासून स्टॅटिनही. त्याच्या तळपायांची आग होऊ लागली की संशय कुणावर? शेवटी आलेल्यावर. घरात वस्तू हरवली की नव्या कामवालीकडे पाहावं, तसा हा न्याय आहे.

बी-१२ ची तपासणी महाग नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावी होते. पण आपल्याकडे मुंग्या येतात म्हटलं की मिथाइलकोबालामिन आणि प्रेगाबालिन एकत्र असलेली गोळी लिहून दिली जाते. मग महिन्याभराने बी-१२ तपासलं तर ते भरपूर येतं आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळायची वाटच बंद होते. आधी रक्त द्यावं, मग गोळी घ्यावी. एवढा क्रम पाळला तरी कितीतरी रुग्णांचं स्टॅटिन वाचेल.

थायरॉइडची गोष्ट याहून चुकवणारी आहे. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं. त्याने स्नायू दुखतात, पायात गोळे येतात, हातांना मुंग्या येतात. अशा रुग्णाला थायरॉइड न तपासता स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास वाढण्याची शक्यताही जास्त. दोष गोळीचा दिसतो, रोग गळ्यातल्या ग्रंथीचा असतो. दारू, मूत्रपिंडाचा विकार, क्षयावरचं आयसोनियाझिड, मणक्यात दबलेली नस, यांतलं प्रत्येक कारण मुंग्या आणू शकतं. कुष्ठरोगही आणू शकतो. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, तरी शहरातल्या दवाखान्यात त्याचा विचार शेवटी होतो. बधिर चट्टा असेल तर तो आधी व्हायला हवा.

स्टॅटिनची बाजू घेताना त्याचे खरे धोके मी झाकणार नाही. सेरिव्हास्टॅटिन हे याच कुळातलं औषध स्नायू विरघळण्याच्या घातक आजारामुळे ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. आजच्या स्टॅटिनमध्ये असं फार क्वचित होतं, पण दुसरं औषध सोबत आलं की धोका वाढतो. गजकर्णावर आपल्याकडे इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे दिलं जातं. पोटातल्या जंतूंसाठी, छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं जातं. ही दोन्ही औषधं सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढवतात. त्वचारोगतज्ज्ञाला आपल्या हृदयाच्या गोळ्या सांगणारे रुग्ण किती असतील? रोसुव्हास्टॅटिनला या औषधांची अडचण फार कमी, पण त्याची रक्तातली पातळी आशियाई लोकांत, भारतीय वंशाचे त्यांत आलेच, गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. अमेरिकेतल्या औषधपत्रकात म्हणून आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितलं आहे. आपल्या डॉक्टरांनी ही गोष्ट आपल्या रुग्णांसाठी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. रक्तातली साखर स्टॅटिनने थोडी वाढते, हेही सिद्ध आहे. २५५ जणांनी चार वर्षं घेतलं तर मधुमेहाचा एक जादा रुग्ण, असा २०१० मधल्या एकत्रित विश्लेषणाचा हिशेब आहे.

नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथला एक आजार, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, स्टॅटिनमुळे क्वचित सुरू होऊ शकतो किंवा आधीचा बळावू शकतो. युरोपीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये तो औषधपत्रकात घालायला सांगितला. पापणी खाली पडणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना त्रास, दिवस कलेल तशी वाढणारी कमजोरी ही त्याची लक्षणं. ती दिसली किंवा स्नायू दुखताना लघवी चहासारखी गडद झाली तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकी मुंग्या-बधिरपणासाठी घाईने गोळी फेकायची गरज नसते.

फेकण्यात जीवघेणी गोम आहे. हृदयात स्टेंट घातलेल्या अनेकांना ॲटोर्व्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही तिन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये दिली जातात. रुग्ण तिला ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतो. पायाला मुंग्या आल्या म्हणून ती बंद केली तर तिच्यासोबत स्टेंट मोकळा ठेवणारी दोन्ही औषधंही बंद होतात, आणि स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते. स्टॅटिनचा संशय असेल तर ते वेगळं काढून उरलेली दोन चालू कशी ठेवायची, हे डॉक्टरच ठरवू शकतात. म्हणून पट्टीवरची घटकद्रव्यं घरात एकाने तरी वाचलेली असावीत.

संशय फिटत नसेल तर वाट आहे. साखर, बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि स्नायूंना इजा झाली का ते सांगणारं सीपीके तपासावं. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क आणि नायलॉनच्या बारीक तंतूने पाय तपासावेत. दवाखान्यात याला पाच मिनिटं लागतात आणि बूट-मोजे काढायला सांगण्याची तयारी लागते. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे स्टॅटिन थांबवावं, रोज त्रासाचा आकडा वहीत लिहावा, पुन्हा कमी मात्रेत किंवा दुसरं स्टॅटिन सुरू करून तोच आकडा लिहीत राहावा. त्रास खरोखर गोळीचाच निघाला तरी झटक्यापासून संरक्षणाचे इतर मार्ग आहेत. कोलेस्टेरॉल उतरवणारं इझेटिमाइब आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४ हजार लोकांवर तपासलेलं बेम्पेडोइक ॲसिड आहे. ते यकृतात कार्यरत होतं, स्नायूंत नाही. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा हृदयाच्या मोठ्या दुर्घटना त्याने १३ टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं.

२०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एलडीएलचे आकडे खाली आणले हे योग्यच झालं. आता प्रत्येक हृदयरोग दवाखान्यात स्टॅटिनची मात्रा वाढवण्याआधी बी-१२ आणि थायरॉइडची चिठ्ठी लिहिली जावी, अशी माझी मागणी आहे. आणि रुग्णांनी आपला त्रास सांगण्यासाठी सरकारी यंत्रणा वापरावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधला, मोफत क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. तिथे डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही फोन करू शकतात. फोन करताना पट्टी हातात ठेवा, गोळीचं नाव, मात्रा, केव्हा सुरू केली आणि सोबत दुसरं कोणकोणतं औषध चालू आहे, ते सांगा.